टाइम स्टडी कशी करावी: टेलरच्या घड्याळापासून आजच्या शॉपफ्लोअरपर्यंत

व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकात टेलर, गिलब्रेथ, मेयो ही नावं एकामागून एक येतात आणि परीक्षा संपली की विसरली जातात. पण कारखान्यात टाइम स्टडीचा, म्हणजे एका कामाला किती वेळ धरायचा हे घड्याळाने मोजून ठरवण्याचा, कागद हातात घेतला की ती सगळी माणसं पुन्हा भेटतात. त्या कागदावरचा जवळजवळ प्रत्येक रकाना एखाद्या भांडणातून किंवा फसलेल्या प्रयोगातून आला आहे. रकाना का आहे हे ठाऊक नसलेला माणूस तो अंदाजाने भरतो, आणि मग तीच जुनी भांडणं आपल्या शेडमध्ये नव्याने उभी राहतात. म्हणून इथे पद्धत आणि तिचा इतिहास सोबतच दिला आहे.

उदाहरण साधं घेऊ. भोसरी, सातपूर किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही लहान युनिटमध्ये दिसेल असं काम: ऑटो फीड (ड्रिल आपोआप खाली सरकवण्याची सोय) असलेल्या पिलर ड्रिलिंग मशीनवर लोखंडी ब्रॅकेटला एक भोक पाडायचं आहे. प्रश्न एवढाच की एका जॉबला, म्हणजे अशा एका ब्रॅकेटला, किती वेळ धरायचा.

घड्याळ काढण्याआधी

फ्रेडरिक टेलरने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टील कारखान्यात कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाचा वेळ मोजायला सुरुवात केली. तीस वर्षांनी, ऑगस्ट १९११ मध्ये, अमेरिकी सैन्याच्या वॉटरटाउन शस्त्रागारात एका मोल्डरने (ओतकामाचे साचे करणाऱ्या कामगाराने) आपलं काम घड्याळ लावून मोजू द्यायला नकार दिला. त्याला काढून टाकलं आणि बाकीचे मोल्डर काम सोडून बाहेर पडले. प्रकरण अमेरिकी संसदेच्या समितीपुढे गेलं, टेलरला तिथे साक्ष द्यावी लागली, आणि १९१५ पासून सैन्याच्या खर्चाच्या मंजुरीतच अट आली की या पैशातून स्टॉपवॉचने कामगारांची मोजणी करायची नाही. ती अट १९४९ पर्यंत टिकली.

यातून पहिला नियम निघतो: लपून मोजायचं नाही. आदल्या दिवशी ऑपरेटरला, सुपरवायझरला आणि युनियन असेल तर तिच्या प्रतिनिधीला सांगा की काय मोजणार, कशासाठी मोजणार आणि आकडे कुणाला दाखवणार. मोजताना ऑपरेटरच्या बाजूला, किंचित मागे, साधारण दोन मीटरवर उभे राहा. त्याला तुम्ही दिसले पाहिजेत, पण त्याच्या हाताच्या वाटेत येता कामा नये. खुर्ची घेऊन बसू नका. तो उभा राहून राबतोय आणि तुम्ही बसून त्याचा वेळ लिहिताय, हे कुणालाही खुपतं. मोबाइलवर व्हिडिओ घेणार असाल तर आधी विचारा.

ऑपरेटर निवडताना सगळ्यात वेगवान माणूस नको आणि नवखाही नको. काम नीट शिकलेला, रिजेक्शन कमी असलेला, मध्यम वेगाचा माणूस घ्या. दोघे मिळाले तर दोघांची स्टडी करा.

आधी पद्धत बघा

फ्रँक गिलब्रेथ मूळचा गवंडीकामातला. वीट रचताना गवंडी अठरा हालचाली करतो हे त्याने टिपलं. विटा कमरेच्या उंचीवर येतील अशी सरकती परात उभी केली, चांगली बाजू वर येईल अशा विटा मदतनिसाकडून लावून घेतल्या, चुन्याचा घट्टपणा ठरवून दिला. अठराच्या पाच हालचाली झाल्या आणि तासाला १२० च्या जागी ३५० विटा रचल्या जाऊ लागल्या. गवंड्याला कुणी घाई केली नव्हती. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांचा टेलरपंथीयांशी वाद झाला तो इथेच: चुकीच्या पद्धतीचा वेळ अचूक मोजून उपयोग काय?

म्हणून घड्याळ सुरू करण्याआधी कागदावर सगळं उतरवा: जॉबचा ड्रॉइंग नंबर, मटेरियल, ड्रिलचा साइज आणि प्रकार, स्पिंडल स्पीड, फीड, कूलंट आहे की नाही, फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारं साधन) कोणतं, कच्चा माल आणि तयार मालाचे ट्रे कुठे आणि किती अंतरावर. एक साधं रेखाचित्रही काढा. पुढे कुणी म्हणालं की वेळ चुकला आहे, तर हाच कागद निकाल देतो. चालू जॉबच्या मोजणीत सर्वांत जास्त घोळ होतो तो याच माहितीच्या अभावाने: स्टडी नव्या ड्रिलवर झाली, उत्पादन बोथट ड्रिलवर चाललंय आणि दोष माणसावर येतोय.

ट्रे पाठीमागे असेल, क्लॅम्पसाठी पाना शोधावा लागत असेल, तर ते आधी दुरुस्त करा. नवीन मांडणी ऑपरेटरच्या हाताखाली चार-पाच दिवस बसू द्या आणि मगच मोजा.

तुकडे पाडणं आणि वाचन घेणं

आपल्या कामाचे चार तुकडे पडतात. जॉब उचलून फिक्स्चरमध्ये बसवणं आणि क्लॅम्प आवळणं हा पहिला. ऑटो फीडवर ड्रिलिंग हा दुसरा. क्लॅम्प सोडून जॉब काढणं आणि फिक्स्चरमधल्या चिप्स ब्रशने झाडणं हा तिसरा. कानशीने बर, म्हणजे भोकाच्या कडेला राहिलेली धारदार कोर, काढून ट्रेत ठेवणं हा चौथा. शिवाय दर दहाव्या जॉबला गेज लावून भोक तपासायचं, हे अधूनमधून येणारं काम.

तुकडा कुठे संपतो ते डोळ्याला किंवा कानाला स्पष्ट कळलं पाहिजे: हात क्लॅम्पवरून सुटला, स्पिंडल वर गेल्याचा आवाज आला. अडीच सेकंदांपेक्षा लहान तुकडा स्टॉपवॉचवर नीट वाचता येत नाही, तो शेजारच्यात मिसळा. मशीनचा वेळ आणि हाताचा वेळ मात्र एका तुकड्यात कधीच मिसळू नका. याचं कारण पुढे हिशोबात दिसेल.

घड्याळ सुरू केल्यावर थांबवू नका. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी चालू आकडा लिहा आणि वजाबाकी नंतर करा. दर तुकड्याला घड्याळ शून्यावर आणायची दुसरी रीत सोपी वाटते, पण तीत प्रत्येक वेळी थोडा वेळ सांडतो, आणि मुख्य म्हणजे मधल्या घटना कागदावर येत नाहीत. ऑपरेटर सुपरवायझरशी बोलला, कूलंट संपलं, जॉब खाली पडला, हे सगळं सलग नोंदीत आपोआप राहतं. हिशोब उघडा राहतो म्हणून कामगारांच्या प्रतिनिधींनाही हीच रीत पटते. सुरुवातीची आणि शेवटची वेळ भिंतीवरच्या घड्याळाने टिपून ठेवा. नोंदींची बेरीज आणि भिंतीवरचा वेळ यांत दोन टक्क्यांहून जास्त फरक पडला तर ती स्टडी टाकून द्या.

किती वाचनं पुरेशी?

दहा घेऊन थांबायची सवय सर्रास आहे. दहा पुरतील की नाही हे दहा वाचनंच सांगतात. समजा पहिल्या तुकड्याची सेकंदातली वाचनं अशी आली: ११, १२, १२, १३, १२, ११, १३, १२, १४, १०. बेरीज १२०, सरासरी १२. वर्गांची बेरीज १,४५२. तिला वाचनांच्या संख्येने, म्हणजे १० ने, गुणा: १४,५२०. त्यातून बेरजेचा वर्ग १४,४०० वजा करा: १२०. त्याचं वर्गमूळ १०.९५. त्याला ४० ने गुणून बेरजेने, म्हणजे १२० ने, भागा: ३.६५. याचा वर्ग १३.३. म्हणजे ९५ टक्के खात्रीने ५ टक्क्यांच्या आत राहायचं तर १४ वाचनं हवीत, आणखी चार घ्या. हा हिशोब प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा करा आणि सर्वांत मोठी संख्या धरा.

एखादं वाचन फारच वेगळं आलं तर कारण बघितल्याशिवाय खोडू नका. जॉब हातातून निसटला असेल तर बाजूला काढा. कास्टिंगवरच्या (ओतीव जॉबवरच्या) फुगवट्यामुळे तो फिक्स्चरमध्ये बसत नसेल, तर तो कामाचाच भाग आहे आणि त्याची वारंवारता मोजली पाहिजे.

रेटिंग

कागदावरचा सर्वांत वादग्रस्त रकाना हा. पाहिलेला वेळ त्या माणसाचा त्या दिवशीचा असतो, आणि त्याचा वेग किती होता हे मोजणारा ठरवतो. आज सर्वाधिक चालणाऱ्या ० ते १०० च्या मोजपट्टीवर १०० म्हणजे शिकलेल्या, उत्साहाने काम करणाऱ्या माणसाचा झपाटा; त्याहून वेगवान माणसाला १०० च्या वरचं रेटिंगही देता येतं. सपाट जागेवर, हातात ओझं नसताना ताशी ६.४ किलोमीटर चालण्याइतका. ७५ म्हणजे रोजंदारीवरचा संथ पण नेटका वेग, ताशी ४.८ किलोमीटर चालण्याइतका.

इथे एक गंभीर चूक नेहमी होते. काही ठिकाणी नेहमीच्या रोजच्या वेगालाच १०० म्हणतात. एका पट्टीवर रेटिंग केलं आणि इन्सेन्टिव्हचा (जास्त उत्पादनावर मिळणाऱ्या जादा पैशाचा) करार दुसऱ्या पट्टीवर लिहिला, तर वेळ एक तृतीयांशाने चुकतो. करारात पट्टीची व्याख्या शब्दांत लिहून घ्या.

रेटिंग वाचन घेतानाच द्यायचं, घड्याळाचा आकडा बघण्याआधी. टेबलावर बसून नंतर दिलेलं रेटिंग म्हणजे हवं ते उत्तर आणण्याची सोय. स्वतःची परीक्षा घ्यायची तर पाहिलेला वेळ गुणिले रेटिंग हा गुणाकार बघा. एकच तुकडा १० सेकंदांत १२० ला, १२ सेकंदांत १०० ला आणि १५ सेकंदांत ८० ला नोंदला असेल तर तिन्ही वेळा उत्तर १२ सेकंदच येतं, म्हणजे नजर बरोबर आहे. नवखे लोक सगळ्यांना ९५ ते १०५ मध्येच बसवतात; मग वेगवान माणसावर केलेली स्टडी कडक निघते आणि संथ माणसावरची सैल. यावर उपाय सरावाचा: मोकळ्या जागेत अंतर आखून वेगवेगळ्या वेगाने चालणाऱ्या माणसाला रेटिंग द्या, मग घड्याळाशी ताडून बघा.

मशीनच्या तुकड्याला रेटिंग नेहमी १००. फीड ऑपरेटरच्या हातात नाही.

आपल्या कामात समजा असं आलं: पहिला तुकडा १२ सेकंद, रेटिंग ९०, म्हणून बेसिक टाइम (रेटिंग लावून आलेला वेळ) १०.८. ड्रिलिंग २४ सेकंद. जॉब काढणं ८ सेकंद, रेटिंग ९५, म्हणून ७.६. बर काढणं १० सेकंद, रेटिंग ११०, म्हणून ११. गेजला १५ सेकंद, दर दहा जॉबला एकदा, म्हणून जॉबमागे १.५. एकूण ५४.९ सेकंद.

अलाउन्स

अलाउन्स म्हणजे विश्रांतीसाठी आणि खोळंब्यासाठी बेसिक टाइमवर वाढवून दिलेला वेळ. अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलमध्ये १८९९ मध्ये टेलरच्या माणसांनी कच्च्या लोखंडाचे ठोकळे वॅगनमध्ये भरण्याची मोजणी केली. दहा जणांच्या टोळीने साडेसोळा टनांची वॅगन १४ मिनिटांत भरली. त्यावरून दहा तासांत माणशी ७५ टन होतील असं धरलं गेलं, आणि विश्रांतीसाठी व खोळंब्यासाठी त्यातून ४० टक्के कापून ४५ टन ठरले. शास्त्रशुद्ध म्हणून गाजलेल्या आकड्यातला एवढा मोठा हिस्सा ठोकताळ्याचा होता. पुढे टेलरने ९२ पौंडांच्या ठोकळ्यांसाठी माणूस दिवसाच्या ४३ टक्के वेळच ओझ्याखाली असावा असा नियम मांडला. अवजड कामात विश्रांती हा कामाचाच भाग आहे, हे त्याचं म्हणणं आजही खरं आहे.

आज आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तक्त्यापासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. पुरुषांसाठी वैयक्तिक गरजांचे ५ टक्के, मूळ थकव्याचे ४, उभं राहण्याचे २. स्त्रियांसाठी हेच ७, ४ आणि ४. अवजड ओझं, उष्णता, कोंदट हवा, कमी उजेड, सतत बारीक नजर, यांचे वेगळे वाढतात. फोर्जिंग शॉप किंवा फाउंड्रीत ड्रिलिंगचे आकडे उचलून लावणं हा अन्याय आहे. चहाची सुट्टी वेगळी दिली असेल तर ती अलाउन्समध्ये पुन्हा मोजू नका.

यावर खोळंब्याचं अलाउन्स: स्टोअरमधून ड्रिल आणणं, कूलंट भरणं. हे ५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. जात असेल तर दुखणं नियोजनात आहे. ते नेमकं किती हे बघायला टिपेट यांची युक्ती वापरा. एल. एच. सी. टिपेट हे ब्रिटनच्या सूतगिरण्यांच्या संशोधन संस्थेतले संख्याशास्त्रज्ञ. दिवसभर घड्याळ धरून उभं राहण्याऐवजी त्यांनी ठरावीक नसलेल्या वेळी फेऱ्या मारल्या आणि त्या क्षणी माग चालू आहे की बंद एवढंच टिपलं. खोळंबा १० टक्क्यांच्या आसपास असेल तर १०० नोंदींत उत्तर ६ टक्के इकडेतिकडे होतं, ४०० नोंदींत ३ टक्के. म्हणून दोन दिवसांत वीस फेऱ्या मारून निष्कर्ष काढू नका.

आपण वरचे ५, ४ आणि २ मिळून ११, अधिक खोळंब्याचे ३, असे १४ टक्के धरू. ५४.९ गुणिले १.१४, म्हणजे ६२.६ सेकंद. हा स्टँडर्ड टाइम. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवणाचा अर्धा तास वजा केला तर २७,००० सेकंद उरतात, त्यात ४३१ जॉब. अलाउन्स विसरलं तर हाच आकडा ४९१ दिसतो. रोजचे ते साठ जॉब माणसाच्या पाठीतून वसूल होतात.

आता खरा प्रश्न

कागद पुन्हा बघा. ड्रिल चालू असताना २४ सेकंद ऑपरेटर उभा आहे, आणि बर काढायला ११ सेकंद लागतात. आधीच्या जॉबची बर ड्रिल चालू असतानाच काढता येईल. गेजही त्याच वेळात बसतं. फक्त दहाव्या जॉबला ११ अधिक १५ असे २६ सेकंद होतात, म्हणजे २ सेकंद बाहेर पडतात, जॉबमागे ०.२. नवीन बेसिक टाइम: १०.८ अधिक २४ अधिक ७.६ अधिक ०.२, म्हणजे ४२.६. अलाउन्ससह ४८.६. शिफ्टला ५५५ जॉब. फक्त आधी बघा की ऑपरेटर चालत्या स्पिंडलपासून सुरक्षित अंतरावर उभा राहून बर काढू शकतो का आणि गार्ड जागेवर आहे का. नसेल तर ही सुधारणा करायचीच नाही.

१२४ जॉब वाढले, कुणीही वेग वाढवला नाही. पण हाताचं काम जॉबमागे ३०.९ सेकंद आहे. आधी शिफ्टमध्ये १३,३०० सेकंदांच्या आसपास हात चालत होते, आता १७,१०० हून जास्त. मोकळा श्वास घेण्याचा वेळ गेला, मेहनत २९ टक्क्यांनी वाढली. बेसिक टाइम कमी झाला म्हणून जॉबचा दर त्याच प्रमाणात उतरवला तर ही वाढीव मेहनत फुकटात गेली.

मुंबईच्या गिरणगावाने हे १९२८ मध्ये भोगलं. गिरण्यांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली विणकराला दोनऐवजी तीन माग आणि कताई कामगाराला यंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू द्यायला सुरुवात केली. माग चालू असताना विणकर मोकळा असतो, हा तर्क आपल्या ड्रिलिंगसारखाच. पण धागा किती वेळा तुटतो हे कापसाच्या प्रतीवर ठरतं. सूत कच्चं असेल तर तो मोकळा वेळ कागदावरच राहतो. एप्रिल ते ऑक्टोबर सुमारे दीड लाख कामगार संपावर होते, आणि मागण्या चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीकडे गेल्यावर गिरण्या सुरू झाल्या. बेथलेहेमचा हिशोबही बघा: टेलरच्या सांगण्याप्रमाणे लोखंड साडेबारा टनांवरून सुमारे ४७ टनांवर गेलं, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ वर. काम जवळजवळ चौपट आणि मजुरीत ६१ टक्के वाढ.

म्हणून पद्धत सुधारण्याआधीच ठरवा की बचतीतला किती हिस्सा ऑपरेटरला. मेहनत किती वाढली हे वरच्यासारखं सेकंदांत काढून टेबलावर ठेवा. मशीनचा आणि हाताचा वेळ वेगळा ठेवला नसता तर हा आकडा निघालाच नसता.

वेळ जाहीर झाल्यावर

मेयो यांचं नाव ज्या प्रयोगांशी जोडलं जातं, त्या शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये चौदा कामगारांच्या एका खोलीचं निरीक्षण झालं. इन्सेन्टिव्ह असूनही त्यांनी आपसांत दिवसाचा आकडा ठरवला होता आणि त्यापलीकडे कुणी जात नव्हतं. जास्त काढलं तर दर कापतील, ही भीती. टेलरलाही हेच दिसलं होतं आणि त्यानेही दोष दर कापणाऱ्या मालकांना दिला होता. तुमच्या शेडमध्ये सगळ्यांचं उत्पादन महिनोन्महिने एकाच आकड्यावर येऊन थांबत असेल तर आधी दराचा इतिहास तपासा.

यावर लेखी हमी लागते: पद्धत, मशीन, मटेरियल किंवा डिझाइन बदललं तरच वेळ बदलेल. स्टडीत आपलाच हात सैल पडला आणि लोक १४० टक्के काढू लागले तर तो वेळ तसाच ठेवा, पुढच्या जॉबला नीट मोजा. एकदा कापलेल्या दराची किंमत पुढच्या प्रत्येक स्टडीत मोजावी लागते, कारण त्यानंतर घड्याळ दिसलं की हात मुद्दाम मंदावतात.

दुसरी काळजी तुकडे वाटताना. १९५३ मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीत स्वयंचलित माग बसवले होते आणि प्रत्येक काम मोजून वेगवेगळ्या माणसांना वाटून दिलं होतं. आकडे बरोबर असूनही उत्पादन अपेक्षेइतकं येईना आणि कापड खराब होई, कारण एक जण अनेकांच्या मागांवर धावे आणि ठरावीक मागांची जबाबदारी कुणाचीच नव्हती. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेच्या ए. के. राइस यांनी ठरावीक मागांसाठी एक गट अशी मांडणी सुचवली, आणि कामगारांनी ती स्वतःच उचलून धरली. उत्पादन वाढलं, खराबी कमी झाली. एकमेकांवर अवलंबून असलेल्या लाइनवर म्हणून माणसागणिक इन्सेन्टिव्ह लावू नका, गटाला लावा.

तक्रार आली की जुना कागद काढा आणि त्यावरची परिस्थिती आजच्याशी ताडा: स्पीड, फीड, ड्रिल, ट्रेचं अंतर, कास्टिंगचा पुरवठादार. यांपैकी काही बदललं असेल तर नवी स्टडी करा, तीही शक्यतो दुसऱ्या मोजणाऱ्याकडून आणि कामगार प्रतिनिधीच्या उपस्थितीत. काहीच बदललं नसेल तर रेटिंगच्या रकान्यापासून तपासणी सुरू करा. मूळ नोंदींचा कागद, पेन्सिलच्या खाडाखोडीसह, जॉब बंद होईपर्यंत फाइलमध्ये ठेवा. स्वच्छ टाइप केलेल्या गोषवाऱ्यावरून चूक कधीच सापडत नाही.